मिररमधली दुसरी डिस्क

साताऱ्याच्या आसपासच्या गावांत जुन्या घरांमध्ये मोडी कागदांची गाठोडी अजून पडून आहेत. वतनाचे तंटे, शेताच्या हद्दी, देवस्थानांचे जमाखर्च असं पुष्कळ काही त्यांत असतं. ही गाठोडी घरी आणून स्कॅन करायची आणि कागद जसेच्या तसे मालकाच्या हाती परत द्यायचे, हे काम मी करतो. कागद परत गेला की माझ्याकडे स्कॅन तेवढा उरतो. तो कागद पुन्हा पाहायला मिळेलच असं नसतं. छप्पर गळतं, वाळवी लागते, घराच्या वाटण्या होतात. म्हणून डेस्कटॉपमध्ये एकाच मॉडेलच्या, एक टीबीच्या दोन साटा एसएसडी (साटा केबलने जोडायच्या, फ्लॅश मेमरीच्या डिस्क) घेतल्या आणि लिनक्सवर त्यांचा मिरर केला. जे एका डिस्कवर लिहिलं जातं तेच दुसरीवर. एक गेली तरी दिवसभराचं स्कॅनिंग वाचावं, हा हेतू. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे, त्यामुळे पूर्ण झालेलं काम बाहेरच्या डिस्कवर वेगळं जातंच.

या मिररवर एन्क्रिप्शनचा, म्हणजे डेटा कुलूपबंद करणारा थर आहे आणि त्याच्यावर फायली कुठे आहेत याचा हिशोब ठेवणारी फाइल सिस्टिम. लोकांच्या घरच्या कागदांत जमिनीचे आणि भाऊबंदकीचे तपशील असतात. मशीन चोरीला गेलं तर ते भलत्याच्या हाती पडू नयेत, एवढी जबाबदारी माझी आहे. या थराचा पुढे फार मोठा संबंध येणार आहे.

बरेच दिवस सगळं सुरळीत होतं. मग ए-थ्री आकाराचा स्कॅनर आला आणि मशीन अडखळायला लागलं. चारपाच पानं झटपट सेव्ह व्हायची, मग एकदम सगळं थिजायचं. माउसचा बाण हलायचा, पण कुठलीही खिडकी उघडेना. कधी दहा सेकंद, कधी त्याच्या दुप्पट. मग सुटायचं आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. ठिसूळ कागद काचेवर ठेवून असं थांबून राहणं मला फार त्रासाचं वाटायचं. प्रत्येक जास्तीच्या हाताळणीत कडेचा एखादा तुकडा सुटतो.

स्कॅनर नवा, म्हणून संशय आधी स्कॅनरवर. पण हिशोब मांडल्यावर दिसलं की फरक फाइलच्या आकारात आहे. पूर्वी मी ए-फोर पान 300 डीपीआयला, करड्या रंगात घ्यायचो. ती फाइल नऊएक एमबीची. आता ए-थ्री, 600 डीपीआय, पूर्ण रंगीत आणि न आवळलेली (अनकॉम्प्रेस्ड) टिफ फाइल. तिची एका पानाची बेरीज दोनशे एमबीच्या वर जाते. म्हणजे डिस्कवर वीसपट माल पडायला लागला होता. तरी सहा गिगाबिटच्या साटावरची एसएसडी सेकंदाला पाचशे एमबीच्या आसपास घेते असं तिच्या खोक्यावर लिहिलेलं असतं. मिनिटाला दोन पानं तिला जड जायला नकोत.

मिरर मंद वाटला की पहिली शंका असते की आतल्या आत काही तपासणी किंवा जुळणी चाललीय का. माझ्या सिस्टिमवर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन्ही डिस्क ताडून पाहिल्या जातात आणि त्या काळात मशीन जड होतंच. पण मिररची स्थिती दाखवणाऱ्या एमडीस्टॅटमध्ये दोन्ही डिस्क हजर होत्या, कुठलंही काम मागे चालू नव्हतं. मेमरी भरपूर मोकळी होती. प्रोसेसर तर बसूनच होता.

मग प्रत्येक डिस्कच्या कामाचे आकडे दाखवणारं आयओस्टॅट लावलं आणि शेजारी स्कॅनिंग चालू ठेवलं. ज्यांच्याकडे लिनक्सवर मिरर आहे त्यांनी हे एकदा पाहावंच, कारण मिररची सरासरी पाहून काही कळत नाही; दोन्ही डिस्कच्या ओळी वेगळ्या वाचाव्या लागतात. मशीन थिजलं त्या क्षणी पहिली डिस्क आठदहा टक्के कामात होती आणि तिच्यावरचं प्रत्येक लेखन एकदोन मिलिसेकंदांत उरकत होतं. दुसरी डिस्क शंभर टक्के गुंतलेली, आणि तिच्यावरच्या लेखनाला सरासरी चारशे ते सातशे मिलिसेकंद लागत होते. वाचनाचे रकाने दोन्हीकडे निवांत. काही सेकंद हे असंच, मग दुसरीही एकदम शांत, आणि त्याच क्षणी स्क्रीन हलायला लागायचा.

मिररमध्ये वाचन कुठल्याही एका डिस्कवरून भागतं, पण लेखन दोन्ही डिस्कनी ‘झालं’ म्हटल्याशिवाय पूर्ण होत नाही. म्हणजे लिहिण्याचा वेग नेहमी हळू असणाऱ्या डिस्कचा. पहिली कितीही चपळ असली तरी तिला दुसरीसाठी ताटकळावं लागतं. आणि थिजणं लाटांसारखं का येतं, तेही इथेच उलगडलं. लिनक्स आलेला माल आधी मेमरीत साठवतो आणि मागाहून डिस्कवर पाठवतो, म्हणून पहिली काही पानं ‘झटपट’ सेव्ह झाल्यासारखी वाटतात. साठा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की लिहिणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला तो थांबवून धरतो.

दुसरी डिस्क मंद आहे हे तर कळलं, पण का? एकच मॉडेल, एकाच दिवशी एकाच दुकानातून घेतलेल्या.

केबल हा अशा ठिकाणचा जुना गुन्हेगार. साटाची केबल सैल किंवा खराब असली तर जोडणी सहावरून तीन किंवा दीड गिगाबिटवर उतरते आणि कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदींत तसं लिहूनही येतं. नोंदी चाळल्या. दोन्ही डिस्क सहा गिगाबिटवरच होत्या. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी ‘स्मार्ट’ माहिती ठेवते तिच्यात केबलच्या चुकांचा आकडा शून्य, बदललेले सेक्टर (डिस्कवरच्या जागेचे छोटे तुकडे) शून्य, तापमान ठीक, झीज अगदी किरकोळ. तरीही केबल बदलली, मग दोन्ही डिस्कचे पोर्ट आपसांत बदलले. काही मदरबोर्डवर एकदोन पोर्ट वेगळ्या चिपवर असतात आणि ते मागे पडतात, म्हणून ही अदलाबदल करणं योग्यच असतं. मंदपणा पोर्टबरोबर राहिला नाही, डिस्कबरोबर गेला. वाचनाचा वेग मोजला तर दोन्हींचा सारखाच, पाचशेच्या वर. साधी वेगचाचणी करणारी बरीच साधनं एवढंच मोजतात, आणि त्या मोजणीत ही डिस्क संपूर्ण निरोगी दिसत होती.

दुकानात घेऊन गेलो. काउंटरवरच्या मुलाने त्याच्या मशीनला लावून कंपनीचा प्रोग्रॅम चालवला. “काका, पास दाखवतंय. वॉरंटीत घेणार नाहीत,” तो म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, “तुम्ही असं करा, त्याच मॉडेलची ही नवीन घेऊन जा, लावून बघा. फरक पडला तर ठेवा.” त्याने केलेली ही मदत मोठी होती, कारण त्यामुळेच पुढचं सगळं उलगडलं.

नवी डिस्क लावली, मिररमध्ये घातली. एमडी, म्हणजे लिनक्सचा मिरर सांभाळणारा भाग, आपोआप पहिलीवरचं सगळं तिच्यावर उतरवू लागला. या कामाचा वेग तो मुळात सेकंदाला दोनशे एमबीवर रोखून धरतो, म्हणजे एक टीबीला दीडेक तास. मला त्याहून बराच जास्त वेळ लागला. सुरुवातीला वेग दोनशेच्या आसपास, मग तो शंभराच्या खाली घसरत गेला. रात्री जुळणी पूर्ण झाली. सकाळी स्कॅनिंग सुरू केलं, तर पूर्वीसारखंच थिजणं. कोरी करकरीत डिस्क, एक रात्र जुनी, आणि आयओस्टॅटमध्ये तिची ओळ हुबेहूब जुन्या डिस्कसारखी.

पुण्यात माझा एक शाळासोबती सर्व्हर सांभाळतो. त्याला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “अरे, डिस्क सोड. तिला तू काय केलंस ते सांग. पहिलीला जे झालं नाही आणि या दोघींना झालं, असं काय आहे?”

उत्तर एकच होतं. पहिली डिस्क जुळणीच्या वेळी नुसती वाचली गेली होती. जुनी दुसरी आणि ही नवी, दोघींवर पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत लिहिलं गेलं होतं. माझ्या फायली जेमतेम चाळीस टक्के जागेत होत्या. पण मिररला फायली दिसत नाहीत. त्याला फक्त सेक्टर दिसतात, आणि तो रिकामी जागासुद्धा तितक्याच इमानाने उतरवतो.

खात्री करायला आम्ही एक प्रयोग केला. आधी ताजा बॅकअप घेतला. त्याशिवाय हे कुणी करू नये. मग दुसरी डिस्क मिररमधून काढली आणि एकट्या पहिलीवर स्कॅनिंग चालवलं. मशीन एकदाही अडलं नाही. दुसरी परत घातली, जुळू दिली, मग पहिली काढून एकट्या दुसरीवर काम केलं. दुसऱ्या-तिसऱ्या पानाला थिजलं. मिररला बिटमॅप, म्हणजे कुठले भाग बदलले याची नोंद, असल्याने डिस्क परत घालताना मधल्या काळात बदललेले भागच पुन्हा लिहिले जातात; तो नसता तर प्रत्येक वेळी सगळी टीबी पुन्हा लिहिली गेली असती, आणि प्रयोगातच पहिली डिस्कही भरून गेली असती.

आता हे भरणं एसएसडीला एवढं जड का जातं, ते थोडं सविस्तर सांगतो. फ्लॅश मेमरीत लिहिणं काही केबींच्या पानांनी होतं, पण पुसणं काही एमबींच्या मोठ्या ब्लॉकनेच होतं, आणि लिहिलेल्या पानावर न पुसता पुन्हा लिहिता येत नाही. पेशवे दफ्तरातले कागद रुमालांत बांधलेले असतात. समजा नियम असा आहे की एकटा कागद बाहेर काढता येत नाही, रिकामा करायचा तर अख्खा रुमालच. मग त्यातले हवे असलेले सगळे कागद आधी दुसऱ्या रुमालात हलवायला हवेत. एसएसडीचा कंट्रोलर, म्हणजे तिच्यातली कारभारी चिप, हे सतत करत असतो. कुठले कागद नको आहेत हे त्याला माहीत असेल तर काम थोडं; माहीत नसेल तर तो निरुपयोगी कागदसुद्धा जपून इकडून तिकडे हलवत बसतो. एक पान लिहायला अनेक पानं लिहावी लागतात, आणि डिस्क झिजते ती वेगळीच.

त्यात माझ्या डिस्क स्वस्तातल्या, स्वतःची डीरॅम (हिशोब ठेवायची जलद मेमरी) नसलेल्या. अशा डिस्क मोकळ्या पेशींचा काही भाग तात्पुरता वेगळ्या पद्धतीने वापरतात: एका पेशीत तीन बिट लिहिण्याऐवजी एकच बिट लिहायचं, म्हणजे लिहिणं झटकन होतं, आणि मग निवांतपणी ते दाटीवाटीने मांडायचं. खोक्यावरचा पाचशेचा आकडा या भागाचा असतो. डिस्क जितकी भरलेली, तितका हा भाग लहान. पूर्ण भरलेली आहे असं समजणाऱ्या डिस्कवर तो अगदीच थोडा उरतो. नऊ एमबीची पानं त्यात मावत होती. दोनशेची मावेनात.

डिस्कला ‘ही जागा आता मोकळी’ असं कळवण्यासाठी ट्रिम नावाची आज्ञा असते. फाइल सिस्टिमला कुठली जागा मोकळी ते ठाऊक असतं, ती हे खाली कळवते. बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी 1988 साली रेडचे, म्हणजे अनेक डिस्क एकत्र वापरण्याच्या पद्धतीचे, स्तर मांडले आणि मिररला त्यात पहिला क्रमांक दिला, तेव्हा डिस्क चुंबकीय होत्या. रिकाम्या जागेवर लिहिणं आणि भरलेल्यावर लिहिणं तिथे सारखंच. त्यामुळे मिररने फायलींकडे न पाहणं हा त्या काळी साधेपणाचा फायदाच होता. लिनक्सच्या मिररमधून ट्रिम खाली जाणं 2012 च्या 3.7 कर्नलपासून सुरू झालं. माझं कर्नल त्यापेक्षा कितीतरी नवं. मग माझ्याकडे ट्रिम पोहोचत का नव्हतं?

सोबत्याने फोनवरच सांगितलं, “एलएसबीएलके डी लावून चालव आणि वरपासून खालपर्यंत प्रत्येक थर वाच.” या आज्ञेने येणाऱ्या यादीत प्रत्येक थर ट्रिम किती घेऊ शकतो याचा रकाना असतो. दोन्ही डिस्कपुढे आकडा होता. मिररपुढे आकडा होता. एन्क्रिप्शनच्या थरापुढे शून्य.

फाइल सिस्टिम वर, डिस्क खाली, आणि मधला थर निरोप पुढे जाऊच देत नव्हता. तो बिघाड नव्हता. एन्क्रिप्शन लावणारं क्रिप्टसेटअप मुद्दामच तसं वागतं: मुभा दिल्याशिवाय ट्रिम खाली पाठवत नाही. फाइल सिस्टिमला ट्रिम पाठवायला लावणाऱ्या एफएसट्रिमचा आठवड्याचा टायमर माझ्याकडे पहिल्यापासून चालू होता आणि दर वेळी यशस्वी झाल्याची नोंद करत होता. ज्या ठिकाणी ट्रिम चालत नाही तिथे गप्प राहावं, असा पर्यायच त्या सेवेच्या ओळीत लिहिलेला असतो. हाताने एफएसट्रिम चालवलं तेव्हा मात्र त्याने स्पष्ट सांगितलं की ही क्रिया इथे चालत नाही. माझ्या मते हा या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा धडा आहे आणि तो लिनक्सपुरता नाही. विंडोजवरही ‘ट्रिम चालू आहे’ असं सांगणारी आज्ञा विंडोज निरोप पाठवतं एवढंच सांगते. मध्ये रेडचं कार्ड असेल तर ते तो पुढे देतं का, हे त्यावरून कळत नाही, आणि पुष्कळ कार्डं देत नाहीत. यूएसबीच्या बऱ्याच डब्यांचंही तसंच.

मुभा द्यायची की नाही, यावर मी दोन दिवस विचार केला. ट्रिम खाली गेलं की डिस्क हाती लागलेल्या माणसाला कुठले भाग रिकामे आहेत ते दिसू शकतं. किती डेटा आहे याचा त्याला अंदाज येतो, कदाचित फाइल सिस्टिम कुठली हेही ताडता येतं. मजकूर मात्र कळत नाही. माझा धोका भुरट्या चोराचा आहे. त्याला माझ्याकडे चारशे जीबी आहेत की नऊशे, हे कळलं तरी कुणाच्या घरचा कागद उघडा पडत नाही. ज्याच्या बाबतीत डेटा आहे हेच लपवायचं आहे, त्याने मुभा देऊ नये.

मी दिली. लक्स-टूमध्ये (एन्क्रिप्शनच्या लक्स पद्धतीची दुसरी आवृत्ती) चालू असलेल्या थराला रिफ्रेशची आज्ञा देऊन ही मुभा कायमची नोंदवता येते. लक्स-वन असेल तर क्रिप्टटॅब या सेटिंगच्या फाइलमध्ये डिस्कार्ड हा शब्द जोडावा लागतो. एलएसबीएलके पुन्हा पाहिलं, तर शून्याच्या जागी आकडा आला होता. एफएसट्रिम हाताने चालवलं. काही मिनिटं दुसरी डिस्क नुसती गुंतलेली दिसली, मग ओळ आली: साडेपाचशेच्या वर जीआयबी (जीबीहून किंचित मोठं एकक) ट्रिम झाले. मिरर हा निरोप दोन्ही डिस्कना देतो, त्यामुळे पहिलीचाही फायदा झाला. पूर्ण झालेलं काम मी पुसत जातो आणि नवं लिहीत जातो, म्हणजे तिचीही हळूहळू तीच गत व्हायची होती.

रात्रभर मशीन नुसतं चालू ठेवलं, कारण पुसण्याचं खरं काम डिस्क निवांतपणी करते. सकाळी वाईजवळच्या एका घरातला जमाखर्चाचा मोठा ताव घेतला, कडा झिजलेला, मध्ये घडी उसवलेली. मग ओळीने त्याच गाठोड्यातले बाकीचे. आयओस्टॅट शेजारी चालूच होतं. दोन्ही ओळी एकमेकींसारख्या, लेखनाला दोनतीन मिलिसेकंद, क्वचित एखादी वीसची उसळी. आणखी एक गाठोडं लागोपाठ केलं, तरी थिजणं नाही. इतक्या दिवसांनी कागद काचेवर ठेवायचा, झाकण लावायचं, उचलायचा, एवढंच करता आलं आणि मला खूप बरं वाटलं.

नवी डिस्क मी ठेवून घेतली आणि दुकानात पैसे दिले. त्या मुलाला सगळा प्रकार सांगितला, तेव्हा त्याने परत आलेल्या आणखी दोन ‘मंद’ डिस्क कपाटातून काढून दाखवल्या. त्याही कुणाच्या तरी मिररमधल्या. जुनी दुसरी डिस्क मी ब्लकडिस्कार्ड या आज्ञेने पूर्ण रिकामी केली. तिच्यात आता काहीही दोष नाही. पहिली किंवा दुसरी खरंच गेली तर तीच घालायची आहे, आणि घातल्यावर जुळणी संपली की लगेच एफएसट्रिम, एवढं मशीनवर चिठ्ठी चिकटवून लिहून ठेवलंय. ज्यांच्याकडे ट्रिम कुठल्याही उपायाने पोहोचत नाही त्यांच्यासाठी आणखी एक मार्ग आहे: कोऱ्या किंवा रिकाम्या केलेल्या डिस्कवर पार्टिशन करताना शेवटची दहापंधरा टक्के जागा मोकळी सोडायची. ती मिररमध्येच नसल्याने जुळणीत भरत नाही आणि कंट्रोलरला हालचालीला जागा राहते.

ट्रिम सुरू केल्यानंतरच्या पहिल्या रविवारच्या तपासणीत एक नवी गोष्ट दिसली. दोन्ही डिस्क जुळत नसलेल्या जागांचा आकडा, जो नेहमी शून्य असायचा, तो एकदम मोठा आला. छातीत धस्स झालं. सोबत्याने विचारलं, “तुझ्या डिस्क ट्रिमनंतर शून्य परत देतात का?” डिस्कची माहिती देणाऱ्या एचडीपार्ममध्ये ट्रिमची ओळ होती, पण ट्रिमनंतर नक्की शून्यच वाचायला मिळेल याची हमी देणारी ओळ नव्हती. म्हणजे मोकळ्या केलेल्या जागेत एक डिस्क काही देते, दुसरी वेगळं देते, आणि तपासणी मोकळी जागाही ताडत असल्याने त्यांना न जुळणारं म्हणते. फायलींचे चेकसम (मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे) मी बाहेरच्या डिस्कवरच्या प्रतींशी ताडून पाहिले. सगळे जुळले. तेव्हापासून तपासणीच्या रविवारी मिररच्या आकड्याबरोबर चेकसमही ताडतो, आणि विश्वास चेकसमवर ठेवतो.